तिसरी पिन कापून गिटार गप्प होत नाही

भाच्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, करू का असं?” आधी विचारलं, हे नशीब. “इलेक्ट्रिक गिटारचा हम कायमचा घालवा, एक पैसाही खर्च न करता” असा तो मेसेज आहे. (हम म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण.) त्यातले दावे थोडक्यात असे: हम अर्थिंगमधून येतो, म्हणून ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) प्लगची जाड, तिसरी पिन कापा किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर गिटारची वायरिंग बिघडली समजा. आतून स्वयंपाकघरातली फॉइल चिकटवा. नॉईज गेट नावाचं आवाज दाबणारं उपकरण घ्या. आणि चांगल्या महागड्या गिटारला हम येतच नाही. (फुकटच्या उपायांत नॉईज गेट आणि महागडी गिटार कुठून आली, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.)

पिनेपासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातील.

ॲम्पची धातूची चासी (सांगाडा), केबल खोचायच्या जॅकची बाहेरची बाजू, केबलची जाळी, गिटारचा ब्रिज आणि ब्रिजवरच्या तारा हे सगळं विजेच्या दृष्टीने एकच आहे. म्हणजे वाजवताना तुमची बोटं थेट ॲम्पच्या चासीवर असतात. उद्या आतली एखादी वायर सुटली, इन्सुलेशन गेलं आणि फेज चासीला टेकला, तर अर्थिंग असताना मोठा करंट त्या वाटेने जातो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन कापलेली असेल तर काहीच उडत नाही. ॲम्प छान वाजत राहतो आणि तारांवर 230 व्होल्ट येऊन बसतात. मग तुम्ही गाण्यासाठी माइकला ओठ लावता. माइक मिक्सरमार्फत अर्थिंगला जोडलेला. करंटला हातातून छातीकडे आणि छातीतून ओठांकडे रस्ता मिळाला.

हे भीती घालायला लिहिलेलं नाही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे 3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वान्सीत, प्रेक्षकांसमोर स्टेजवरच शॉक लागून मेला. अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागला, एवढंच कारण. त्याच्याकडे अर्थिंग माइकला नव्हतं, आपल्या मेसेजवाल्याला ते ॲम्पचं काढायचंय. मरणारा वाजवणाराच, कारण माइक आणि ॲम्प दोन्हींच्या मध्ये उभा तोच असतो.

“आमच्याकडे आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे” म्हणणारे भेटतील. असावाच. पण अर्थिंग असेल तर गळती झाल्या झाल्या तो पडतो, तुम्ही हात लावायच्या आधी. अर्थिंग नसेल तर करंट तुमच्या अंगातून जाईल तेव्हा तो पडणार. 30 मिलिअँपिअरचा असेल आणि नीट चालत असेल तर बहुधा वाचाल. या “बहुधा”वर भाच्याला प्रॅक्टिसला बसवायची माझी तयारी नाही.

आता नाइलाजाने एक मान्य करतो. पिन काढल्यावर हम खरोखर गेला, असं सांगणारे सगळेच खोटं बोलत नाहीत. एकच गिटार दोन ॲम्पना लावली, किंवा ॲम्पमधून लाइन मिक्सरला दिली आणि दोघांची वीज वेगवेगळ्या सॉकेटमधून घेतली, की अर्थिंगच्या दोन वाटा मिळून एक वेढा तयार होतो. त्यालाच ग्राउंड लूप म्हणतात आणि तो गुणगुणतो. पिन कापली की वेढा तुटतो. पण तो तोडायचा तर सिग्नलच्या बाजूने, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण असलेला डीआय बॉक्स, म्हणजे गिटार आणि मिक्सर यांच्या मध्ये लावायची डबी, घालून. त्याआधी सगळं एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन बघा, बरेचदा तेवढ्यानेच भागतं. आणि घरात एक गिटार, एक केबल, एक ॲम्प एवढंच असेल तर मुळात वेढाच नाही. तिथे पिन कापणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उलट अर्थिंग गेल्यामुळे घरघर वाढण्याचीच शक्यता जास्त.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होणं हे वायरिंग ठीक असल्याचं लक्षण आहे. आपलं शरीर आजूबाजूच्या वायरिंगचा नॉईज अँटेनासारखा गोळा करून पिकअपजवळ (तारांची थरथर पकडणाऱ्या, तारांखालच्या चुंबक-कॉइलजवळ) नेत असतं. तारांमुळे शरीर ग्राउंडला जोडलं गेलं की तो कमी होतो. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची वायर सुटली आहे का पाहा. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर जॅकवरच्या वायर उलट्या जोडल्या असतील, नाहीतर सॉकेटमध्ये अर्थिंगच नसेल. जुन्या चाळी-वाड्यांत तीन भोकांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. हाताला झिणझिण्या येत असतील तर तोवर वाजवूच नका.

फॉइलचं म्हणणं अर्धं खरं. ग्राउंडला जोडलेलं आवरण किरकिरा बझ कमी करतं. पण सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपमध्ये शिरणारा 50 हर्ट्झचा हम चुंबकीय क्षेत्रातून येतो, त्याला असली पातळ फॉइल अडवत नाही. शिवाय ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, त्यामुळे लोक ती नुसती चिकटवतात आणि ग्राउंडला जोडतच नाहीत. तांब्याची टेप घ्या. जॅकच्या सिग्नलच्या टोकाला ती टेकली की गिटार मुकी होते, तेवढं सांभाळा.

नॉईज गेट तुम्ही थांबल्यावर आवाज बंद करतो. वाजवताना हम असतोच. पुढे.

मेसेजमध्ये जे नाही तेच आधी करायला हवं: शोधाशोध. केबल ॲम्पमधून काढा. तरी हम येत असेल तर गिटारला दोष देऊ नका, ॲम्प किंवा वीज बघा. केबल लावून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. हम गेला तर तो पिकअपमधून येतोय, राहिला तर केबल बदलून पाहा. मग गिटार धरून जागेवर हळूहळू गोल फिरा. एका दिशेला हम एकदम उतरला तर जवळचा ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंग कारण आहे. पंख्याचा रेग्युलेटर फिरवा. पंख्याच्या वेगाबरोबर घरघरीचा सूर बदलला तर चोर सापडला. एलईडी ट्यूब आणि मोबाइलचा चार्जर बंद करून बघा. पायाने चालवायचे इफेक्ट पेडल एकाच स्वस्त अडॅप्टरवर माळेसारखे लावले असतील तर एकेक काढत जा.

राहिली महागडी गिटार. सिंगल कॉइल कितीही महाग असला तरी गुणगुणणारच. म्हणून तर गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला: दोन कॉइल, चुंबक उलट, वळणही उलट, म्हणजे तारांचा सिग्नल जमा होतो आणि हम वजा. आजच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये (तीन सिंगल कॉइलच्या स्ट्रॅटोकास्टर धर्तीच्या गिटारमध्ये) मधला पिकअप असाच उलटा असतो, त्यामुळे पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी हम गळतो. भाच्याच्या स्वस्तातल्या गिटारवरही गळतो, मी फोनवरूनच स्विच फिरवायला लावला होता.