त्या ताफ्यात 'पनवेल'ही होती

१९७१च्या युद्धातले नौसैनिक, लीडिंग सीमन (नौदलातला एक हुद्दा) चिमन सिंग यांना मिळालेल्या महावीर चक्राबद्दल एका लेखात वाचलं. आम्हा पनवेलकरांसाठी थोडी भर घालतो. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी फौजांवर हल्ला करायला खुलन्याला (आताच्या बांगलादेशात) गेलेल्या त्यांच्या ताफ्यात 'पद्मा', 'पलाश' या बोटींबरोबर आपल्या नौदलाची बोट आयएनएस पनवेल होती. नेतृत्व होतं कमांडर मो. ना. सामंत यांचं, त्यांनाही महावीर चक्र मिळालं. १० तारखेला आपल्याच विमानांनी चुकून या बोटींवर बॉम्ब टाकले. सिंग जखमी होऊन पाण्यात पडले. किनाऱ्यावरून गोळ्या येत असताना त्यांनी एका जखमी अधिकाऱ्याला आणि एका साथीदाराला काठावर नेलं. मग स्वतः उघड्यावर येऊन शत्रूवरच धावले. ते दोघं निसटले, सिंग पकडले गेले. बांगलादेश मुक्त झाल्यावरच सुटका. पनवेल महानगरपालिकेच्या शाळांत मुलांना हे सांगतं का कोणी?