साहेबाचे ओटे, हेलियम आणि आपण

आठवीच्या प्रकल्पवह्या तपासत होतो. एका मुलीने विजयदुर्गावर लिहिलं होतं. किल्ल्याचा नकाशा स्वतः काढलेला, अक्षर सुंदर. आणि मधोमध हे वाक्य: "१८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकयर या शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण बघितले व हेलियमचा शोध लावला." मी खाली लाल रेघ मारली. दुसऱ्या दिवशी ती घरचा मोबाईल घेऊन आली. "सर, हयसर तसाच लिवलाला आसा." खरंच होतं. एका ठिकाणी नाही, सात-आठ ठिकाणी. वाक्य तेच, शब्द तेवढे इकडचे तिकडे.

बावीस वर्षं देवगड तालुक्यात विज्ञान शिकवतोय. हे वाक्य भाषणांत ऐकलंय, फलकांवर वाचलंय, आणि सुरुवातीची काही वर्षं मी स्वतःही वर्गात सांगितलंय. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. त्या दिवशी फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता. नॉर्मन लॉकयर मात्र तेव्हा भारतात नव्हताच, इंग्लंडमध्ये होता. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मिळणारा पट्टा, घेता येईल असं त्याला वाटत होतं, आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने तो घेतला. त्या वर्णपटात एक पिवळी रेघ होती. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात, आणि ही सोडियमच्या पिवळ्या रेघांशी जुळेना. तेव्हा पृथ्वीवर कुणाला माहीत नसलेलं मूलद्रव्य सूर्यात आहे, असं त्याने धाडसाने म्हटलं. ते पृथ्वीवर हाती लागलं १८९५ मध्ये, विल्यम रॅमसेच्या प्रयोगशाळेत.

मग आपल्या किल्ल्यावर साहेबाच्या दुर्बिणींचे म्हणून दाखवतात ते चौथरे, 'साहेबाचे ओटे', खोटे का? अजिबात नाही. लॉकयर विजयदुर्गला आला होता, पण १८९८ साली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी तो इथे उतरला आणि मेल्पोमिनी या ब्रिटिश आरमारी जहाजाचे अधिकारी नि खलाशी त्याच्या मदतीला होते. रॉयल सोसायटीने छापलेला त्याचा अहवाल आज घरबसल्या वाचता येतो. त्यात आपल्या गावाचं नाव 'विझियाद्रुग' असं आहे. रात्री एक वाजता ते नाव वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. साहेब खरा, ग्रहण खरं, किल्ला खरा. फक्त तीस वर्षांनी वेगळं ग्रहण, आणि हेलियम तोवर बाटलीत आलेला.

असली चूक मुळं कशी धरते ते बघा. कुणीतरी ऐकीव माहिती लिहितो. ती वाचून दुसरा बातमी करतो. बातमी छापून आली की तीच पहिल्या लिखाणाला पुरावा म्हणून जोडली जाते. माडाला वेल चढावा आणि नंतर कोण कुणाला धरून उभा आहे तेच कळू नये, तसं होतं. इंग्रजी विकिपीडियावर २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी नावाच्या प्राण्याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असंही म्हणतात, असं मनचं घुसडलं. पुढे ते नाव वर्तमानपत्रांत आलं, आणि तीच वर्तमानपत्रं त्या वाक्याचा आधार झाली. उलगडा झाला २०१४ साली.

हे सगळं माहीत असूनही मी लोकांनी मिळून लिहिलेल्या ज्ञानकोशाच्या बाजूचा माणूस आहे. "तिथे कुणीही काहीही लिहितं" असं म्हणून स्टाफरूममध्ये तो विषय संपवतात, ते मला पटत नाही. केतकरांनी ज्ञानकोशासाठी महाराष्ट्र पालथा घातला, तर्कतीर्थांनी वाईत बसून विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड आला १९७६ साली. ती माणसं माझी दैवतं आहेत. पण छापील खंडात सुधारणा करायची तर पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागतं. विकिपीडियाच्या पानावर 'इतिहास पहा' दाबलं की कोणतं वाक्य कोणत्या तारखेला आलं, कुणी बदललं, सगळं उघडं असतं. चूक करणाऱ्याचा मागही तिथेच असतो.

आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा, याचा एक जुना हिशेबही आहे. २००५ मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकाने विज्ञानाचे ४२ विषय निवडले आणि विकिपीडिया नि ब्रिटानिका हा नावाजलेला इंग्रजी ज्ञानकोश यांतले लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. एका लेखामागे विकिपीडियात सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने पुढच्या वर्षी त्या तपासणीवर जोरदार हरकत घेतली. हे नेचर १८६९ साली सुरू केलं कुणी? याच नॉर्मन लॉकयरने!

पण तो हिशेब इंग्रजी लेखांचा होता. ते हजारो डोळ्यांखालून जातात. आपल्या भाषेतल्या पानावर किती डोळे आहेत? मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथली भाषा बघा किती आपली आहे: चर्चेला 'चावडी', सरावाला 'धूळपाटी', आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमला 'सांगकाम्या'. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींच्या वर होते, आणि एवढ्या लोकांच्या भाषेत लेख जेमतेम लाखाच्या घरात. त्यातलेही कितीतरी दोन-तीन ओळींचे. चावडीवर मात्र तीच ती मोजकी माणसं रात्री जागून काम करतात. आपलं घर आपण झाडलं नाही तर काय होतं ते स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेने भोगलंय. २०२० मध्ये उघड झालं की त्या भाषेतल्या विकिपीडियाचे हजारो लेख एका अमेरिकन पोराने लिहिलेत, आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्यात मधेमधे स्कॉट्स शब्द पेरलेले. वर्षानुवर्षं कुणी हटकलं नाही. उद्या भाषांतर यंत्राने मालवणी जेवणावर, दशावतारावर, कातळशिल्पांवर पानंच्या पानं पाडली तर हटकणार कोण?

मी हटकलं. एका ऑनलाइन ज्ञानकोशात खातं उघडून लॉकयरचं वाक्य दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी माझी दुरुस्ती गायब, शेरा एवढाच: संदर्भ नाही. आधी संताप आला. मग पटलं, कारण मी नुसतं "मला माहीत आहे" म्हणत होतो. आधीच्या माणसानेही तेच केलं होतं. अहवालाचा दाखला देऊन परत लिहिलं, ते टिकलं.

इथपर्यंत सोपं होतं. पुढचं सोपं नाही.

गावात ही गोष्ट सांगितली तेव्हा बंदराजवळचे एक वयस्कर आजोबा, आयुष्यभर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून समुद्रावर गेलेले, रागावले. "मास्तरांनू, तुम्ही गावाचा नाव कशाक कमी करतास?" मी खाली बसून त्यांना १८९८ ची हकीगत सांगितली. मोठी आगबोट, खलाशी, दुर्बिणी. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, त्यांचा आजा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता, आणि त्याने साहेबाच्या पेट्या बंदरावरून वर किल्ल्यात वाहिल्या होत्या. ग्रहण लागल्यावर कावळे घरट्याकडे फिरले आणि बायका तुळशीपाशी जाऊन बसल्या, असं तो सांगायचा.

लॉकयरच्या अहवालात उपकरणं आहेत, अंश-कला आहेत, अधिकाऱ्यांची नावं आहेत. या आज्याची गोष्ट कुठे टाकू? ज्ञानकोशाला छापील पुरावा लागतो. आमच्या किनाऱ्याबद्दल १८८० च्या इंग्रजी गॅझेटियरमधलं वाक्य चालतं, आणि इथे जन्म काढलेल्या तांडेलाचं चालत नाही. नियम वाईट नाही, त्याच नियमाने हेलियमची चूक निघाली. पण ज्यांच्या हाती कधी छापखाना नव्हता त्यांचं ज्ञान त्यामुळे दाराबाहेर राहतं, हेही तितकंच खरं. २०११ मध्ये विकिपीडियातल्याच काही मंडळींनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तेच संदर्भ म्हणून वापरून बघितलं होतं. आपल्याकडे केरळात हे काम झालं. कोकणाइतकी त्याची गरज कुणाला असेल?

आजोबांचं बोलणं मी मोबाईलवर घेतलंय, बारा मिनिटं. मागे लाटांचा आवाज आहे, मधे एकदा त्यांची सून चहाला हाक मारते. शाळेची स्मरणिका दिवाळीनंतर छापायची आहे, त्यात हे बोलणं शब्दन् शब्द मालवणीतच घालतोय. उतरवून घेण्याचं काम त्याच आठवीतल्या मुलीने मागून घेतलंय. स्मरणिका हाती आली की तिचा दाखला देऊन ज्ञानकोशात ओळ टाकणार. कुणी काढली, तर चर्चेच्या पानावर भांडायची माझी तयारी आहे.