नगरसेवक नव्हते तेव्हा काहीच अडलं नाही म्हणता?

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज जोरात फिरतोय, की २०२२ पासून महापालिकांवर प्रशासक होते तरी शहरांचं काही अडलं नाही, उलट पैसा वाचला, कामं झटपट झाली, मग नगरसेवक हवेतच कशाला. मी एक टर्म नगरसेविका होते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी पैशाचं. मुंबईत नगरसेवकाला महिन्याला २५ हजार मानधन, नगरसेवक २२७, वर्षाचे झाले साधारण ७ कोटी. पालिकेचं २०२५-२६ चं बजेट होतं ७४ हजार ४२७ कोटी. म्हणजे शंभर रुपयांत एक पैसासुद्धा नाही, हिशोब करून बघा.

'प्रशासक कायदेशीरच होते ना.' अहो, ७४ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट लिहिलंय की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. मुंबई-पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि चार आठवड्यांत निवडणुका जाहीर करा आणि चार महिन्यांत पूर्ण करा हे सुप्रीम कोर्टाला ६ मे २०२५ ला सांगावं लागलं.

'नगरसेवक टक्केवारी खातात.' काही जण खातात, मी बघितलंय, त्यावर पांघरूण घालणार नाही. पण बिलावर सह्या अधिकाऱ्यांच्याच असतात. आणि नगरसेवकाला तुम्ही पुढच्या वेळी पाडू शकता, अधिकाऱ्याची फक्त बदली होते.

राहिलं 'कामं झटपट झाली'. होणारच की, विचारायला होतं कोण? एरवी आयुक्त बजेट मांडतात, नगरसेवकांची स्थायी समिती त्यात फेरफार करते, मग सभेत कुणी म्हणतं माझ्या नाल्याला पैसे का नाहीत, कुणी जुनं टेंडर उकरून काढतं, वेळ जातो, कबूल आहे, पण त्या वेळातच चुका सापडतात. इथे आयुक्तच प्रशासक, मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच.

माझ्या प्रभागात एका गल्लीत नळाला वास मारणारं पाणी यायचं. एक ताई सकाळी साडेसहाला बाटली भरून दारात आल्या, तळाला काळा गाळ. ती बाटली मी तशीच नेऊन ज्युनियर इंजिनियरच्या टेबलावर ठेवली, प्रभाग समितीत विषय लावला, खोदल्यावर दिसलं की गंजलेली लाइन चक्क गटारातून गेलीये. महिन्याभरात नवी लाइन पडली.

प्रशासकाच्या काळात मागच्याच गल्लीत तेच झालं. लोकांनी अ‍ॅपवर तक्रार टाकली, तीन दिवसांत 'तक्रार निकाली' असा मेसेज, पाणी तसंच. परत टाकली, परत निकाली. मग माझ्याकडे आले, पण सभाच भरत नव्हती तर मी तरी प्रश्न मांडणार कुठे? मी नुसती अर्ज देत फिरले. लाइन बदलली तोवर त्या गल्लीतल्या दोन पोरांना कावीळ होऊन गेली होती.