शाखा मानवत नसेल तर

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात ‘ही शाखा आपली नव्हे’ असं वाटू लागलं, तर आधी झोप पुरेशी होते का बघा. पित्तानेही असं होतं.

शिवाय शाखा तुम्हीच निवडली आहे. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीच्या, ऑप्शन फॉर्मात 300 पर्याय भरता येतात. एवढी स्थळं लग्नालाही कोणी दाखवत नाही. त्यातले वरचे पंचवीस काकांनी मागच्या वर्षीचा कटऑफ बघून लावले आणि उरलेले सायबर कॅफेवाल्याने चहा पिता पिता, हे खरं. पण ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला ना?

तुमची लायकीही नीट मोजली गेली आहे. सीईटीचा पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात आकडे देतो, आणि त्यातल्या शेवटल्या आकड्यावरसुद्धा कोणी कम्प्युटरचा होतो, कोणी सिव्हिलचा. आवड मात्र विचारत नाहीत. 180 मिनिटांत 150 प्रश्न. तिला वेळ कुठून आणायचा?

शाखा बदलायची वाट आहे म्हणा. पहिल्या वर्षाचे गुण चांगले हवेत आणि पलीकडे जागा रिकामी हवी. म्हणजे ज्याचं इथे उत्तम चाललंय, त्यालाच बाहेर पडता येतं.

तुमचं तसं नसेल तर जमवून घ्या. ड्रॉइंग जमत नाही? काचेखाली ट्यूबलाइट लावा, वर मित्राची शीट, तिच्यावर तुमची, आणि जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारा. जर्नल सीनियरचं उतरवा, त्याच्या चुकांसकट. रीडिंग बदलायला जाऊ नका, सरांना तीच ओळखीची आहेत. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला तर केटी आहेच, राहिलेला विषय सोबत घेऊन पुढच्या वर्षात जायची सोय.

घरी हा विषय काढू नका. ‘चार वर्षं काढ, मग काय हवं ते कर,’ असं उत्तर येईल, आणि ते चूक नाही. मेकॅनिकलवाल्याला सॉफ्टवेअर कंपनी ॲप्टिट्यूडवर उचलते आणि जावा शिकवते. सिव्हिलवाला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत राज्यघटनेची कलमं पाठ करतो. कुठलीही शाखा घेतली असती तरी हेच झालं असतं. मग हीच चुकली म्हणून कशाला रडायचं?

पुढच्या जूनमध्ये मामेभावाचा फॉर्म भरायला तुम्हालाच बोलावतील. अनुभवी माणूस म्हणून जा. तो ‘मला भूगोल आवडतो’ म्हणाला, तर सिव्हिल वर घ्या. जमीन त्यातही असते.