पुंगळी, मेण आणि मेंढी

रायफलचा नेम एकवेळ जमतो. झाडलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं, पुन्हा भरण्याआधी त्यांना नेमकं काय चोळायचं, हे ठरवताना मात्र माणसाचा कस लागतो.

गोळी सुटली की पितळेची पुंगळी चेंबरभर, म्हणजे रायफलमध्ये ती बसते त्या खोबणीभर, फुगते. तिला मापात आणायला प्रेसवर लावून पोलादी डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, दाबायची. मध्ये वंगण नसेल तर बाईसाहेब आत जाऊन ठाण मांडतात. जोर लावून ओढलं की बुडाची कड तुटते आणि धड आतच राहतं. मग बुडाला भोक पाडा, आटे पाडा, स्क्रू घालून उपटा. अक्कलदाढ काढण्याचाच प्रकार, फक्त भूल नसते.

बरं, भीतीपोटी सढळ हाताने लावावं, तर द्रव पदार्थ दाबला जात नाही. जास्तीचं वंगण खांद्यापाशी, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथे, कोंडतं आणि पुंगळीला पोचे पडतात. शाळेतलं भौतिकशास्त्र आयुष्यात एकदा कामाला आलं, तेही माझ्याच विरोधात.

सल्ला विचारावा तर पंथ निघतात. मेणवाले सात्त्विक. बोटाला नुसता ओशटपणा घ्यायचा आणि चिमटीत पुंगळी फिरवायची, एकेक, जपमाळ ओढल्यागत. फवारेवाल्यांना घाई. त्यांचं लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला ओशट अंश, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवलेला. एका फवाऱ्यात ढीगभर पुंगळ्या न्हाऊन निघतात. पण अल्कोहोल उडून जाईपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबायचं असतं तर हे लोक मेणाकडेच गेले नसते का? पुंगळी अडकली की शिव्या बिचाऱ्या मेंढीला.

पिस्तूलवाल्यांचा विषयच काढू नका. सरळ भिंतीची पुंगळी, टंगस्टन कार्बाइडचा डाय, वंगणाची गरजच नाही. वर आमच्याकडे असे बघतात, जणू आम्ही हे हौसेने चोळत बसलोय.

बाहेरचा प्रश्न मिटला, तरी मान, म्हणजे गोळी बसते ते अरुंद तोंड, उरतेच. मान आतून मापात आणणारा एक्सपांडरचा गोळा तिच्यातून परत येताना असा किंचाळतो की शेजारच्या खोलीतून विचारणा होते. तिथे ब्रशने ग्रॅफाइटची कोरडी पूड फिरवायची. बोटं काळी होतात, आवाज बंद होतो.

आणि एवढ्या निगुतीने लावलेलं सगळं शेवटी पुसून काढायचं! तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला नीट धरत नाही, तिला मागून अडवणाऱ्या बोल्टवर जोर वाढतो. आत उरलेलं तेल प्राइमरला, म्हणजे बुडातल्या ठिणगीच्या टोपीला, किंवा बंदुकीच्या दारूला लागलं, तर बार फुसका निघू शकतो.

मी मेणावर थांबलोय. ते पुंगळीला फार मानवतं असं नाही, फवाऱ्यानेही काम झालंच असतं. पण एक डबी संपता संपत नाही, म्हणजे पुन्हा निवड करायची वेळ इतक्यात येणार नाही.