‘एकाच ऑपरेशनचे तीन आकडे’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसले होते, ते पुसून टाकलं. आज सकाळी रिसेप्शनवर आणि बिलिंगला चौकशी केली आणि आता लिहितेय.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगते. फोनवर मॉमी मेकओव्हरचा, म्हणजे बाळंतपणानंतर पोट आणि छाती पुन्हा आकारात आणायच्या एकत्रित ऑपरेशनचा, एक आकडा सांगितला गेला. तपासणीनंतर तो जवळजवळ दीडपट झाला. घरी जाताना मिळालेल्या बिलात त्यावर आणखी काही रकमा होत्या. तुमच्या मैत्रिणीचं ‘हेच ऑपरेशन’ दुसरीकडे निम्म्या पैशांत झालं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘बाईची गरज बघून आकडा फुगवतात.’

एक अडचण आधीच सांगते. तपासणीत काय आढळलं, टेबलवर काय करावं लागलं, हे तुम्ही स्वतः इथे लिहू शकता, मी नाही. पेशंटची माहिती पेशंटचीच असते, तिने दोन स्टार दिले म्हणून ती आमची होत नाही. त्यामुळे जे सगळ्यांना लागू आहे तेवढंच लिहिते. तुमच्या बाबतीत त्यातलं काय लागू होतं ते तुमच्या डिस्चार्ज कार्डावर आहे.

फोनवरच्या आकड्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये एक छापील कार्ड होतं, त्यावर प्रत्येक ऑपरेशनपुढे कमीत कमी रक्कम आणि तिच्यापुढे ‘पासून’. फोनवर बोलताना तो ‘पासून’ हळूच गिळला जायचा, हे मला आज कळलं. ते कार्ड आता काढून टाकलंय. पोट न बघता पोटाचा खर्च सांगता येत नाही, आणि तो सांगितला जात होता ही चूक माझी, कारण कार्ड मीच छापून घेतलं होतं.

आता पोट बघितल्यावर आकडा का बदलतो ते सांगते. तपासणीत आम्ही पेशंटला पाठीवर झोपवतो, गुडघे दुमडायला सांगतो आणि मग फक्त डोकं उचलायला सांगतो. त्या क्षणी बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं ठेवली की दोन उभ्या स्नायूंमधली फट हाताला लागते. गरोदरपणात ती सगळ्यांचीच रुंदावते, बऱ्याच जणींची नंतर बरीचशी भरून येते, काहींची येत नाही. साधारण दोन सेंटीमीटरच्या पुढे गेली की तिला डायस्टॅसिस म्हणतात. एखादीची फट दोन बोटांची असते, एखादीच्या फटीत चार बोटं सहज बुडतात. कपडे घालून दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर कदाचित सारख्याच दिसतील. पण एकीचं काम कातडी आणि चरबीवर भागेल, दुसरीच्या स्नायूंवरचं आवरण बरगड्यांखालपासून पार खालपर्यंत टाक्यांनी मध्यावर आणून बांधावं लागेल. बेंबीत हर्निया निघाला तर आतडं अडकलेलं नाही ना हे बघत ते काम आणखी सावकाश होतं. सिझेरियनची खूण बहुतेक वेळा काढून टाकायच्या कातडीतच निघून जाते, पण तिच्याखाली आतले थर एकमेकांना चिकटलेले असतील तर ते सोडवायला वेळ जातो. आणि या सगळ्याचा हिशेब वेळेत होतो.

कारण ऑपरेशनच्या खर्चात सर्जनची फी हा एक भाग झाला. थिएटर तासावर असतं, भूलतज्ज्ञांची फी बहुतेक ठिकाणी वेळेवर ठरते, नर्स आणि मदतनीस तेवढा वेळ दुसरीकडे कामाला येत नाहीत. टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून ते घट्ट करणं, साधारण दोन-तीन तासांचं, ब्रेस्ट लिफ्ट, म्हणजे ओघळलेली छाती वर उचलणं, तेही दोन-तीन तासांचं. त्यात कमरेचं लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणं, जोडलं की घड्याळ पुढे सरकलंच.

‘सगळं एकत्र केलं तर स्वस्त पडतं’ हे अर्धं खरं. भूल एकदाच, तपासण्या एकदाच, अॅडमिट होणं एकदाच, सुट्टी एकदाच, आणि मुलांना सांभाळायला माणूसही एकदाच शोधायचा. हे सगळं वाचतं. पण हातांनी करायचं काम तेवढंच राहतं, म्हणून दोन ऑपरेशनं एका ऑपरेशनच्या पैशांत होत नाहीत. ‘पॅकेज’ या शब्दामुळे तसं वाटतं, हे मान्य. तो शब्द मला कधीच आवडला नाही, आणि तरी आमच्या पत्रकावर तो आहे.

एकत्र करण्यालाही मर्यादा आहे. सहा तासांच्या पुढे भुलीखाली राहिलं की गुंतागुंतीची शक्यता वाढत जाते, त्यात पायातल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होणं आलं. लायपोसक्शनमध्ये एका वेळी पाच लिटरच्या वर काढणं ‘मोठं’ धरलं जातं आणि त्यासाठी रात्रभर देखरेख लागते. म्हणून कधी कधी मीच सांगते, पोट आत्ता, छाती काही महिन्यांनी. अशा वेळी खर्च वाढतो, कारण भूल आणि थिएटर दोनदा लागतं. तो सल्ला ऐकताना ‘दोनदा बिल करायचंय’ असं कुणाच्या मनात आलं तर मला नवल वाटत नाही. पण सात-आठ तासांच्या ऑपरेशनला मी हो म्हणणार नाही.

इम्प्लांट, म्हणजे छातीत बसवायची कृत्रिम पिशवी, हा खर्चाचा वेगळाच कप्पा. सलाइनचं (मिठाच्या पाण्याने भरलेलं) सहसा स्वस्त, सिलिकॉन जेलचं महाग. पण तो एकदाच करायचा खर्च आहे असं कुणी समजू नये. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. सिलिकॉनचं इम्प्लांट आत फुटलं तरी बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून अमेरिकेतली एफडीए (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एक, असं सुचवते. २०१९ मध्ये खडबडीत पृष्ठभागाचे काही प्रकार लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मिळ प्रकाराशी संबंध आढळल्यामुळे जगभरातून परत घेतले गेले. त्यामुळे ‘कुठलं इम्प्लांट’ हा प्रश्न फक्त आकाराचा नाही. खूप जणींना इम्प्लांट लागतही नाही, दूध बंद झाल्यावर ओघळलेल्या छातीला नुसता लिफ्ट पुरतो. तेवढ्याने आकडा खाली येतो. चार गोष्टींची यादी घेऊन आलेल्या बाईला एकच पुरेशी आहे असं सांगून परत पाठवल्याचे प्रसंगही आमच्याकडे आहेत. त्यांचे अभिप्राय मात्र कुणी लिहीत नाही, असो.

शेवटच्या बिलातल्या रकमांबद्दल. प्रेशर गारमेंट, म्हणजे सहा आठवड्यांच्या आसपास घालायचा तो घट्ट पोशाख. तो धुवायला लागतो, म्हणून दोन लागतात. छातीतून काढलेला भाग लॅबमध्ये तपासायला जातो, त्याचे पैसे. गुठळी होऊ नये म्हणून द्यावी लागणारी इंजेक्शनं, जी प्रत्येकीला लागत नाहीत. ड्रेन (जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी) काढायला आणि ड्रेसिंगला यायच्या भेटी. यातलं काहीही अनावश्यक नाही. पण इंजेक्शनं सोडली तर बाकीचं आधीपासून माहीत असतं, आणि आमच्या अंदाजपत्रकावर ते ‘इतर’ या एका ओळीत, रकमेशिवाय होतं. ‘इतर’ लिहून पुढे जागा रिकामी ठेवणं म्हणजे समोरच्याने काहीही समजावं असंच झालं. नव्या अंदाजपत्रकात प्रत्येक ओळीला रक्कम आहे, आणि इंजेक्शनं लागली तर किती, हेही.

विम्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, तरी सांगते. सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला विमा सहसा लागू होत नाही. हर्नियाचा भाग काही पॉलिसींत बसतो, पण त्यासाठी ऑपरेशनच्या आधी परवानगी आणि वेगळी नोंद लागते. नंतर मागून मिळत नाही.

तुमच्या मैत्रिणीच्या डॉक्टरांबद्दल मी एक शब्दही वाईट बोलणार नाही. तिचं काम खरंच कमी असेल. तुलना करायचीच असेल तर दोघींची अंदाजपत्रकं शेजारी ठेवून बघा: स्नायू बांधले का, भूल कुणी दिली, रात्री मुक्काम होता का, आणि पुढे खूण सुधारायची किंवा साचलेलं पाणी काढायची वेळ आली तर ते पैसे कोण देणार. निम्मा आकडा या चार ओळींतून येतो की दुसरीकडून, ते लगेच दिसेल.

‘गरज बघून’ हे मात्र मी मान्य करणार नाही. अंगावर पाजणं थांबून सहा महिने झाले नसतील, वजन अजून वर-खाली होत असेल, पुढचं मूल मनात असेल, हिमोग्लोबिन कमी असेल किंवा सिगारेट सुटलेली नसेल, तर आम्ही तारीखच देत नाही. मग पैसे कितीही तयार असोत.

बिलिंगला सांगून ठेवलंय: तुमच्या लेखी अंदाजपत्रकात रकमेसह नसलेली गारमेंट, लॅब आणि ड्रेसिंगची रक्कम तुम्हाला परत मिळेल. स्नायू किंवा हर्नियाच्या कामाची फी परत होणार नाही, ती तपासणीनंतरच्या कागदावर तुमच्या सहीच्या वर लिहिलेली होती. तो कागद आणि बिल घेऊन कुठल्याही दिवशी दुपारी चारनंतर या, मी स्वतः बसेन. परतावा मिळाला म्हणून अभिप्राय बदलायची गरज नाही, तो आहे तसाच राहू द्या.

– क्लिनिकची संचालक व प्लास्टिक सर्जन