पाटीवरून काढा, वहीतून काढू नका

राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगायची आणि त्यातलं जातीचं नाव मात्र गिळून टाकायचं, हे मला अजिबात मान्य नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो. हे गिळणं दरवर्षी वाढताना बघतोय, म्हणून आज सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

मागच्या शाहू जयंतीला एका वक्तृत्व स्पर्धेसाठी नववीतल्या एका मुलीची तयारी करून घेत होतो. भाषण तिनंच लिहिलं होतं. 'गंगाराम महार समाजाचे होते, वरच्या जातीच्या नोकरांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना गुरासारखं मारलं,' असं सरळ वाक्य. आदल्या दिवशी संयोजकांकडून कागद परत आला. त्या वाक्यावर लाल पेनानं काट, आणि वर लिहिलेलं, 'एका विशिष्ट समाजातील सेवकास काही कारणावरून मारहाण झाली.' पोरगी मला विचारते, "सर, काही कारणावरून म्हणजे? कारण तर हेच होतं ना?"

घरी तिनं कागद आजोबांना दाखवला. आजोबा म्हणाले, "मार आमच्या माणसानं खाल्ला, आणि नाव घ्यायची लाज ह्यांना वाटती व्हय?" तिनं स्पर्धेत स्वतःचंच वाक्य म्हटलं. नंबर आला नाही.

आता ती गोष्ट बघा. गंगाराम संस्थानच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगाराम सोनतळीला, महाराजांच्या मुक्कामी, त्यांच्यापुढे जाऊन रडले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला लावला. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं. महाराज तिथं गाडी थांबवायचे, चहा मागवायचे, आणि बरोबरच्या वरच्या जातीच्या मंडळींनाही तोच चहा प्यायला लावायचे. यातून जात काढून टाका. एका राजानं एका गरिबाच्या हॉटेलात चहा घेतला, एवढंच उरतं. महाराजांनी त्या कपाबरोबर काय मोडलं हे पोरांना कळणारच नाही, आणि तेच तर कळायला पाहिजे.

वस्त्यांच्या नावांचं मात्र वेगळं आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातीवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. मी त्याच्या पूर्ण बाजूनं आहे. बँकेत पत्ता सांगताना जात सांगायची, नोकरीच्या अर्जात पत्ता लिहिताना जात लिहायची, हा रोजचा अपमान कुणी का सोसावा? त्या मुलीच्या आजोबांनीच वस्तीच्या नव्या पाटीला हार घातला होता. पाटी बदलली याचा आनंद आणि भाषणात काट मारली याचा राग, दोन्ही एकाच माणसाचे. त्यांना यात काही विसंगती वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. पाटीवरचं नाव आजच्या माणसाला जातीत कोंडतं. पुस्तकातलं नाव काढलं तर कोंडणारा सुटतो.

आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी मला यावर अडवलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही तो शब्द उच्चारला की अख्खा वर्ग वळून एका बाकाकडं बघतो. त्या पोराचं काय होतं ते बघितलंय का?" बघितलंय. मान खाली जाते, वहीत उगाच रेघोट्या सुरू होतात. बाईंचं म्हणणं खरंच आहे आणि ते बाजूला सारून कुणी हा विषय शिकवू नये. म्हणून मी धडा मार खाणाऱ्यापासून सुरू करत नाही. हौदाचा नियम कुणी केला, तो पाळला जातोय की नाही यावर कोण लक्ष ठेवायचं, नियमाचा फायदा कुणाला व्हायचा, हे आधी विचारतो. मग पोरांना घरी पाठवतो. आपल्या गावात पाणवठे किती होते, आपलं घर कुठल्या पाणवठ्यावर जायचं, आजीला विचारून या. माझ्या आजोळच्या आडात खालच्या म्हटलेल्या लोकांना पोहरा टाकू देत नसत. वरून कुणीतरी पाणी ओतेल तेव्हा घ्यायचं, तोवर उन्हात उभं राहायचं. हे मी माझ्या घराचं म्हणून वर्गात सांगतो. त्यानंतर त्या एका बाकाकडं कुणी बघत नाही, जो तो आपल्या घराचा विचार करत बसतो.

आणि तोच शब्द मधल्या सुट्टीत कुणी कुणाला चिडवायला वापरला, तर मी कुणाचं ऐकून घेत नाही. पालकांना बोलावतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत मुद्दाम अपमान करणं हा १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. ज्या म्हणींत जातीचं नाव शिवीसारखं येतं, त्या मी इथं लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय त्यासाठी त्यांची गरज नाही. गरज पडली तर लिहीन.

शिव्या फक्त रस्त्यावर असतात असंही नाही, कायद्यातही असतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना 'गुन्हेगार' ठरवलं. पोर जन्मालाच गुन्हेगार म्हणून यायचं, मोठ्यांनी पोलिसांकडं हजेरी द्यायची. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ मध्ये काही जातींवरची ही हजेरी बंद केली. देशातला तो कायदा जायला १९५२ उजाडलं. 'गुन्हेगार जमात' हे शब्द उच्चारताना तोंड कडू होतं. पण 'काही समाजांवर निर्बंध होते' असं गुळमुळीत लिहिलं, तर सरकारनं तान्ह्या मुलाला गुन्हेगार म्हटलं हे कुठं राहिलं?

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. आणि त्याच ग्रंथातले श्लोक पुढं आपल्या लिखाणात पानोपानी उतरवून त्यांची चिरफाड केली. जाळणं हा निषेध होता आणि उतरवून घेणं हा पुरावा होता. जर्मनीचंही तेच. तिथं नाझी चिन्हं जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे, पण शिक्षण, संशोधन, कला, इतिहास यांना कायद्यातच सूट दिलेली आहे. छळछावण्या त्यांनी पाडून सपाट केल्या नाहीत, शाळेच्या पोरांना तिथं नेतात.

राग कुणावर काढायचा, यासाठी आपल्या शिवाजी चौकाचीच गोष्ट घ्या. तिथं आधी मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सन याचा पुतळा होता. १९४२ च्या धामधुमीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोन बायकांनी तो विद्रूप केला, पुढं १९४३ मध्ये क्रांतिकारकांनी तो फोडला. १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला शिवाजी महाराजांचा पुतळा तिथं बसला. त्या बायकांसमोर सत्ता होती, तुरुंग होता, आणि माघारी घर होतं. तरी त्या पुढं झाल्या.

त्याच चौकात ७ जून २०२३ ला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. काही पोरांनी व्हॉट्सॲपला औरंगजेबाच्या नावाचं स्टेटस ठेवलं. ते चिथावणीसाठीच होतं, मला त्याची आजही चीड आहे. त्यासाठी पोलीस आहेत, कोर्ट आहे. पण दगड पडले ते ज्यांचा त्या स्टेटसशी काडीचा संबंध नव्हता अशांच्या दुकानांवर, घरांवर. लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. महाराजांच्या नावानं गरिबाच्या दुकानाची काच फोडणं हा महाराजांचा मान नाही, असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. तेव्हापासून वर्गात औरंगजेबाचं नाव घेतलं की पोरं दाराकडं बघतात. सांगा, ते नाव न घेता ताराराणी कशा शिकवायच्या? राजाराम महाराज १७०० मध्ये गेले. त्यानंतर या बाईंनी सात वर्षं बादशहाला झुंजवलं आणि १७०७ मध्ये तो दिल्लीचं तोंड न बघता याच मातीत मेला. खुलताबादची त्याची कबर हा त्याचा पुरावा आहे. ती उखडा म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो, मागणी पटत नाही.

शब्दावरून दुखावलेल्या माणसाला बोलायचा, लिहायचा, मोर्चा काढायचा, कोर्टात जायचा हक्क आहे. हात उचलायचा नाही. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णांच्या शिवाजी महाराजांवरच्या 'शिवाजी कोण होता?' या पुस्तकाच्या नावातच एकेरी उल्लेख आहे, त्यावर नाकं मुरडणारे मी याच गावात ऐकलेत. त्यांनी लेख लिहावा, सभा घ्यावी, मी ऐकायला जाईन. अंबाबाईला आपण 'तू' म्हणतो, शिवाजी पेठेत राहतो, त्यात कुणाचा अनादर असतो? अण्णांना १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना गोळ्या घातल्या, २० तारखेला ते गेले. त्या सकाळनंतर आपल्या गावात भाषण करणारा प्रत्येक जण थोडा जपून बोलायला लागला. मीही त्यातलाच एक आहे, आणि मला ते सलतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण ती पोटापाण्याशी जोडलेली आहे. काही ठिकाणी जुन्या कागदांतूनच ही नावं कायमची काढा असा सूर निघतो. असं करू नका. अनुसूचित जातीच्या पोराला जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासूनचा पुरावा मागतात. तो सापडतो पणजोबाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात, जातीच्या रकान्यात, बोरूनं लिहिलेल्या त्याच शब्दात. महार वतनाच्या जमिनी दुसऱ्याच कुणी लाटल्या असतील, तर त्या परत मागायला सातबाऱ्यावरची जुनी नोंदच लागते. आमच्या शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लंय, पानं हातात घेतली की भुगा होतो. दर उन्हाळ्यात एखादा बाप पोराचं ॲडमिशन अडलंय म्हणून येतो आणि आम्ही दोघं खिडकीपाशी बसून ती पानं एकेक करून उलटतो. ज्यांच्या शाळेत, ग्रामपंचायतीत अशी रजिस्टरं असतील त्यांनी ती यंदाच स्कॅन करून घ्या, कुठलाही रकाना न झाकता. आणि ज्यांना २६ जूनची भाषणं तपासायची आहेत, त्यांनी लाल पेन उचलण्याआधी मला फोन करा. मी येऊन बसतो तुमच्याबरोबर.